अ‍ॅडिपोनेक्टिन : मेदऊतकाचे संप्रेरक आणि सडपातळ माणसाचा मधुमेह

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर हे दोन तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. नीरा डाव्या कालव्याचे पाणी जेथवर पोहोचले तेथवर ऊस उभा राहिला. जेथे ते पोहोचले नाही, त्या सुप्याकडील जिरायती पट्ट्यात बाजरी-ज्वारीच पिकत राहिली. दख्खनच्या अशा अवर्षणप्रवण मुलखात धान्य जमिनीखालच्या पेवात साठविण्याची जुनी रीत होती. साल चांगले आले की पेव भरावयाचे आणि दुष्काळ पडला की ते उपसावयाचे. शरीरातील मेदाकडे शरीरक्रियाविज्ञान दीर्घकाळ याच दृष्टीने पाहात आले. मेद म्हणजे शिल्लक ऊर्जेचे पेव. भरणे आणि रिकामे होणे यांपलीकडे त्याला काही काम नाही, अशी समजूत होती.

ही समजूत विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मागे पडली. मेदऊतक ही शरीरातील एक मोठी अंतःस्रावी ग्रंथी आहे आणि ती यकृत, स्नायू, मेंदू व स्वादुपिंड यांना सतत संदेश पाठवीत असते, हे आता निर्विवादपणे सिद्ध झाले आहे. या संदेशवाहकांपैकी अ‍ॅडिपोनेक्टिन या संप्रेरकाचा विचार येथे करावयाचा आहे. त्याचे कारण असे की, भारतातील मधुमेहाचे जे एक कोडे आहे, म्हणजे अंगाने शेलाट्या आणि वजनाच्या कोष्टकात निर्दोष ठरणाऱ्या माणसालाही हा रोग जडतो हे, त्याच्या उलगड्यात या संप्रेरकाची साक्ष महत्त्वाची आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर आहे. एवढा मोठा रोग ज्या मापाने आपण ओळखू पाहतो ते मापच अपुरे असेल, तर त्याची किंमत रुग्णांना मोजावी लागते.

शोधाचा इतिहास

मेदऊतकातील पहिले सर्वमान्य संप्रेरक लेप्टिन होय. न्यूयॉर्कमधील रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली त्याचे जनुक शोधून काढले. लेप्टिन मेंदूला साठ्याची वर्दी देते. मेद वाढला की रक्तातील लेप्टिन वाढते, मेद घटला की तेही घटते आणि भूक तीव्र होते. पेवात धान्य किती उरले आहे हे घरधन्याला कळावे, तशी ही व्यवस्था आहे.

लेप्टिनच्या पाठोपाठ, १९९५ व १९९६ या दोन वर्षांत, चार निरनिराळ्या संशोधकगटांना एकच प्रथिन स्वतंत्रपणे आढळले. अमेरिकेत फिलिप शेरर व हार्वे लॉडिश यांच्या गटाला ते उंदराच्या मेदकोशिकांत सापडले. ब्रूस स्पीगेलमन यांच्या गटालाही ते मेदकोशिकांतच मिळाले. जपानमध्ये ओसाका येथे यूजी मात्सुझावा यांच्या गटाने मानवी मेदऊतकातून त्याचे जनुक ओळखले, तर दुसऱ्या एका जपानी गटाने ते मानवी रक्तद्रवातून वेगळे केले. प्रत्येकाने त्याला निराळे नाव दिले होते. पुढे अ‍ॅडिपोनेक्टिन हे नाव रूढ झाले.

मानवी अ‍ॅडिपोनेक्टिन हे २४४ अ‍ॅमिनो अम्लांचे प्रथिन असून त्याचे जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर आहे. त्याच्या रेणूला कोलॅजेनसारखे शेपूट आणि गोलाकार डोके असते. असे तीन रेणू एकमेकांत गुंफले जाऊन एक त्रिकूट बनते, दोन त्रिकुटांचे षट्क होते आणि त्याहून मोठे, बारा-अठरा रेणूंचे समूहही तयार होतात. इन्शुलिनच्या कार्यक्षमतेशी सर्वाधिक निगडित असतो तो हा मोठ्या रेणुभाराचा प्रकार. या संप्रेरकाचे रक्तातील प्रमाणही असाधारण आहे. लेप्टिन हे नॅनोग्रॅममध्ये मोजावे लागते, तर अ‍ॅडिपोनेक्टिन दर मिलिलिटरला साधारणतः ३ ते ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे सुमारे हजारपट अधिक असते. स्त्रियांमध्ये ते पुरुषांपेक्षा जास्त आढळते.

उलटे प्रमाण

अ‍ॅडिपोनेक्टिनचे खरे वैचित्र्य १९९९ साली ओसाका येथील गटाने दाखवून दिले. हे प्रथिन मेदकोशिकांतच तयार होते. तेव्हा ज्याच्या अंगी मेद अधिक त्याच्या रक्तात ते अधिक असावे, असा तर्क कोणीही करील. प्रत्यक्षात स्थूल व्यक्तींमध्ये ते कमी आढळले. लेप्टिन मेदाबरोबर चढते. अ‍ॅडिपोनेक्टिन मेद वाढता उतरते. टाइप-२ मधुमेह व हृदयाच्या रोहिण्यांचा विकार असलेल्या व्यक्तींमध्येही ते कमी असल्याचे पुढे आढळून आले.

या उलटेपणाचे कारण मेदकोशिकेच्या अवस्थेत आहे. लहान, नवी आणि अजून भरण्यास वाव असलेली मेदकोशिका हे संप्रेरक भरपूर स्रवते. तीच कोशिका फुगून तट्ट झाली म्हणजे तिला ऑक्सिजनाचा पुरवठा अपुरा पडू लागतो. तिच्याभोवती भक्षककोशिका गोळा होतात आणि टी.एन.एफ.-अल्फासारखे दाहजनक पदार्थ स्रवू लागतात. या पदार्थांमुळे अ‍ॅडिपोनेक्टिनच्या जनुकाचे कार्य मंदावते. उदरपोकळीतील आतड्यांभोवतीचा मेद वाढला असता हा ऱ्हास विशेष दिसून येतो. म्हणून अ‍ॅडिपोनेक्टिनची पातळी ही मेद किती आहे यापेक्षा मेदऊतकाचे स्वास्थ्य कसे आहे, याची निदर्शक समजावयास हरकत नाही.

कार्याची रीत

अ‍ॅडिपोनेक्टिन इन्शुलिनचे कार्य सुलभ करते, हे उंदरांवरील प्रयोगांनी २००१ साली अमेरिका व जपान येथे जवळजवळ एकाच वेळी दिसून आले. २००३ साली टोकियो येथील ताकाशी कादोवाकी यांच्या गटाने त्याचे दोन ग्राही शोधले. पहिला मुख्यतः स्नायूंत व दुसरा मुख्यतः यकृतात आढळतो. संप्रेरक ग्राहीला चिकटले की कोशिकेतील ए.एम.पी. काइनेज हे एंझाइम उद्दीपित होते. ऊर्जेची टंचाई ओळखून साठा जाळावयास लावणारे हे एंझाइम आहे. त्याच्या योगाने स्नायूंत वसाम्लांचे ज्वलन वाढते आणि ग्लुकोज आत घेण्याची क्षमता सुधारते. यकृतातून रक्तात होणारी ग्लुकोजची आवक घटते.

दुसरी क्रिया त्याहून सूक्ष्म आहे. यकृतात व स्नायूंत अस्थानी साठलेल्या मेदापासून सिरॅमाइड नावाचे पदार्थ बनतात आणि ते इन्शुलिनच्या संदेशात अडथळा आणतात. अ‍ॅडिपोनेक्टिनचे ग्राही या सिरॅमाइडांचे विघटन घडवून आणतात, असे शेरर यांच्या गटाने २०११ साली दाखविले.

या सर्व क्रियांचा मथितार्थ २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातून उत्तम रीतीने व्यक्त होतो. लेप्टिन नसलेले उंदीर जन्मतः खादाड असतात. ते अतिस्थूल होतात आणि त्यांना मधुमेह जडतो. अशा उंदरांच्या मेदऊतकात अ‍ॅडिपोनेक्टिन अधिक प्रमाणात निर्माण होईल अशी जनुकीय योजना करण्यात आली. परिणाम अनपेक्षित होता. हे उंदीर पूर्वीपेक्षाही अधिक लठ्ठ झाले, परंतु त्यांच्या रक्तातील ग्लुकोज व मेद यांचे प्रमाण सुधारले आणि यकृतातील मेद ओसरला. अतिरिक्त ऊर्जा त्वचेखालच्या लहान लहान, निरोगी मेदकोशिकांत नीट सामावली गेली होती. ती इतरत्र सांडली नव्हती.

निसर्गात याच्या नेमका उलट प्रकारही आढळतो. मेदक्षय या दुर्मिळ विकारात त्वचेखालचा मेद जवळजवळ नसतोच. अशी व्यक्ती दिसावयास कृश व पिळदार असते, पण तिचे यकृत मेदाने भरलेले असते आणि तिला तीव्र मधुमेह होतो. लेप्टिन व अ‍ॅडिपोनेक्टिन ही दोन्ही संप्रेरके तिच्या रक्तात सामान्यतः अत्यल्प असतात. लठ्ठ उंदीर निरोगी आणि कृश माणूस रोगी, या दोन टोकांच्या उदाहरणांवरून एकच गोष्ट स्पष्ट होते. चयापचयाचा विकार मेदाच्या एकूण वजनाने ठरत नाही. साठविण्याची सुरक्षित जागा कधी संपते आणि उरलेला मेद कोठे जातो, यावर तो अवलंबून असतो. पेव लहान असेल तर थोडेसे धान्यही बाहेर पडून कुजते.

पुणे जिल्ह्यातील साक्ष

भारतीय शरीरात हे पेव लहान असते काय, या प्रश्नाच्या उत्तराचा महत्त्वाचा भाग पुणे जिल्ह्यातूनच आला आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील संशोधक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांच्या पोषणाचा अभ्यास हाती घेतला. ही खेडी बारामती-इंदापुरातील नव्हेत, परंतु शेतीवर जगणारी व पावसावर अवलंबून असलेली तीही याच जिल्ह्यातील होत. तेथील स्त्रिया गर्भारपणापूर्वी सरासरी ४२ किलोग्रॅमच्या आसपास वजनाच्या होत्या. १९९४ ते १९९६ या काळात जन्मलेल्या त्यांच्या अर्भकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम भरले; साउथॅम्प्टनच्या अर्भकांचे ते सुमारे ३.५ किलोग्रॅम होते.

वजनातील हा फरक अपेक्षितच होता. तो शरीराच्या कोणत्या भागांत वाटला गेला आहे, हे पाहिल्यावर मात्र नवी माहिती हाती आली. पोटाचा घेर, म्हणजेच यकृतादी अवयवांचा आकार, आणि दंडाचा घेर, म्हणजेच स्नायू, यांत पुण्याची मुले सर्वाधिक मागे होती. पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली मोजलेल्या त्वचेच्या घडीत, म्हणजेच मेदात, ती सर्वांत कमी मागे होती. गर्भाला अन्न अपुरे मिळाले तेव्हा त्याने स्नायू व अवयव यांवर काटकसर केली आणि मेद राखला. या शरीररचनेस ‘कृश-मेदुर’ अर्भक असे म्हणता येईल. पुणे व लंडन येथील अर्भकांची तुलना २००२ साली प्रसिद्ध झाली. तीत लहान चणीच्या पुणेकर अर्भकांच्या नाळेतील रक्तात इन्शुलिनचे प्रमाण लंडनच्या अर्भकांपेक्षा अधिक होते. वाटचाल जन्मापूर्वीच सुरू झालेली असते, असा त्याचा अर्थ.

प्रौढ वयात हीच रचना टिकून राहते. त्याचा एक सुबोध दाखला डॉ. याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन यूडकिन यांनी २००४ साली स्वतःच्या शरीरांवरून दिला. दोघांचा देहभार-निर्देशांक अगदी सारखा, म्हणजे २२.३ होता. मेदाचे प्रमाण मात्र यूडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाले. वजनकाट्याला हा भेद दिसत नाही.

अ‍ॅडिपोनेक्टिनची साक्षही या चित्राशी जुळते. अमेरिकेतील टेक्सास राज्यात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दक्षिण आशियाई वंशाच्या तरुणांच्या पोटावरील त्वचेखालच्या मेदकोशिका युरोपीय वंशाच्या तरुणांच्या मेदकोशिकांपेक्षा मोठ्या आढळल्या आणि त्यांच्या रक्तातील अ‍ॅडिपोनेक्टिन कमी होते. कॅनडातील निरनिराळ्या वंशांच्या लोकांच्या तुलनेतही, २०१० साली, दक्षिण आशियाई लोकांत ते कमी असल्याचे दिसले. चेन्नई येथील संशोधकांनी २००३ साली दाखविले की, ज्यांच्या रक्तात हे संप्रेरक आरंभी कमी होते त्यांना पुढे मधुमेह होण्याचा संभव अधिक होता. २००९ साली अशा तेरा पाठपुरावा-अभ्यासांतील एकूण १४,५९८ व्यक्तींची माहिती एकत्र करण्यात आली, तेव्हाही हाच निष्कर्ष निघाला.

कारण की खूण?

येथे अभ्यासकाने घाई करू नये. कमी अ‍ॅडिपोनेक्टिन व मधुमेह एकत्र आढळतात एवढ्यावरून पहिले दुसऱ्याचे कारण ठरत नाही. काही व्यक्तींना जन्मतःच अशी जनुकरूपे मिळालेली असतात की त्यांच्या रक्तात हे संप्रेरक आयुष्यभर कमी राहते. ते मधुमेहाचे थेट कारण असते, तर या व्यक्तींत मधुमेह ठळकपणे अधिक आढळावयास हवा होता. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका मोठ्या जनुकीय विश्लेषणात तसा पुरावा मिळाला नाही. शिवाय हृदयविफलतेच्या रुग्णांत ज्यांचे अ‍ॅडिपोनेक्टिन जास्त, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाणही जास्त आढळते. ‘अ‍ॅडिपोनेक्टिनचा विरोधाभास’ या नावाने ही गोष्ट ओळखली जाते.

उंदरांवरील प्रयोग संप्रेरकाची क्षमता दाखवितात. माणसांवरील जनुकीय अभ्यास त्याच्या वाट्याची मर्यादा दाखवितात. दोहोंचा मेळ असा घालता येतो : माणसात कमी अ‍ॅडिपोनेक्टिन ही प्रामुख्याने मेदऊतक आपल्या क्षमतेच्या काठाशी आल्याची खूण आहे. पायोग्लिटाझोन हे औषध घेतले असता अ‍ॅडिपोनेक्टिन वाढते. कारण हे औषध नव्या, लहान मेदकोशिकांच्या निर्मितीस चालना देते आणि यकृतातील मेद त्वचेखाली वळविते. त्यामुळेच ते घेणाऱ्याचे वजन वाढूनही रक्तशर्करा सुधारते. मोठ्या प्रमाणावर वजन उतरले असताही संप्रेरकाची पातळी चढते. दोन्ही उपायांत मूळ सुधारणा पेवाच्या स्थितीत होते आणि तिची वर्दी रक्तात उमटते.

बारामती-इंदापूरच्या संदर्भात

या दोन तालुक्यांत एकाच शतकात जीवनमान किती वेगाने पालटले, हे पाहिले म्हणजे वरील विवेचनाचे महत्त्व ध्यानी येते. कालव्याचे पाणी, वालचंदनगरचा कारखाना, माळेगाव, सोमेश्वरनगर व भवानीनगर येथील सहकारी साखर कारखाने, मागाहून उजनी धरणाचा फुगवटा आणि औद्योगिक वसाहत यांनी अनेक कुटुंबांच्या हाती पैसा आणला. मोटेच्या जागी विजेचा पंप आला, पायी चालण्याच्या जागी मोटारसायकल आली, बाजरीच्या भाकरीबरोबर गहू, तांदूळ, साखर व तेल यांचा वापर वाढला. शरीराची ठेवण मात्र एका पिढीत पालटत नाही. आजीच्या व आईच्या काटकसरीत घडलेले स्नायू, यकृत व मेदऊतक घेऊनच नातू या सुबत्तेत वाढतो. साठवण लहान आणि आवक मोठी, अशी त्याच्या देहाची स्थिती होते. तो लठ्ठ दिसत नाही म्हणून त्याची रक्तशर्करा तपासली जात नाही. तपासली जाते तेव्हा पुष्कळदा डोळे, मूत्रपिंडे व पायांच्या मज्जा यांवर परिणाम होऊन चुकलेला असतो.

म्हणूनच भारतीयांसाठी निराळी मापे ठरविण्यात आली आहेत. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय तज्ज्ञांच्या सहमतीनुसार देहभार-निर्देशांक २३ पासून वजन अधिक आणि २५ पासून स्थूलता समजावी. कमरेचा घेर पुरुषात ९० सेंटिमीटर व स्त्रीत ८० सेंटिमीटर यांपेक्षा अधिक नसावा. अ‍ॅडिपोनेक्टिनची तपासणी अद्याप संशोधनापुरतीच मर्यादित असून रोजच्या रुग्णसेवेत तिला स्थान नाही. तिने जो धडा दिला तो मात्र शिंप्याच्या साध्या फितीनेही अमलात आणता येतो.

पुढील संशोधनास या भूमीत वाव आहे. एकाच तालुक्यात बागायती गाव व जिरायती गाव शेजारी-शेजारी आहेत. गळीत हंगामात बाहेरच्या जिल्ह्यांतून येणारे ऊसतोडणी मजूर याच शिवारांत अतिकष्टाचे काम करतात. आहार व श्रम यांत भिन्न अशा या तीन समूहांच्या मेदऊतकाचे स्वास्थ्य मोजले, तर आवक आणि साठवण यांचा संबंध माणसात पडताळून पाहता येईल. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असल्याने असे काम स्थानिक पातळीवर होणे अशक्य नाही. त्यात कमरेच्या घेराबरोबर यकृतातील मेद, उपाशीपोटीचे इन्शुलिन आणि मोठ्या रेणुभाराचे अ‍ॅडिपोनेक्टिन यांची नोंद व्हावी. आणि ज्या स्त्रियांच्या पोटी पुढची पिढी वाढावयाची आहे, त्यांच्या गर्भारपणापूर्वीच्या आहाराची व वजनाची नोंद सर्वांच्या आधी व्हावी. कारण पेवाचा आकार ठरतो तो तेथे.